न फिरणारा कोंबडा

१८ फेब्रुवारी, बुधवार

कोंबडा उतरवला!

सकाळी कपाळाले राख लावून चर्चबाहेर आले, वर पाहिलं — मनोऱ्यावर दोन माणसं, एक दोरी, अन् दोरीले आमचा कोंबडा. डोकं खाली, पाय वर. बाजारातून आणतात तसा! सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याले खाली येताना पाहिलं. मी उभीच राहिले. लोकायले वाटलं, म्हातारी राखेच्या बुधवारी फारच पश्चात्ताप करून राहिली.

अमोल पळत आला. अमोल म्हणजे माझा मुलगा, मौद्याच्या वीज केंद्रात आहे, अन् चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी.

"आई, घाबरू नको. मनोऱ्याले चीर गेली आहे. दुरुस्ती होईपर्यंत कोंबडा घासून-पुसून ठेवतो. ईस्टरले परत वर."

"कबूल?"

"कबूल."

पायल, हे 'कबूल' मोठ्या अक्षरात लिही.

वही, ही पायल माझी नात. बोलते मी, लिहिते ती. मले अक्षर येत नाही. पण माझ्या पोटात जे आहे ते कुठंतरी ठेवायचं आहे, अन् या घरात एकही कपाट असं नाही की जे सूनबाई कामिनी आवरत नाही. म्हणून वही. पायलले शपथ घातली आहे — यातलं बाहेर बोलायचं नाही.

कोंबडा माझ्या मालकानं केला. शमुवेल मिस्त्री. रेल्वेच्या कारखान्यात पत्र्याचं काम करत. मी त्यांले मिस्त्रीच म्हणायची, आताही तेच म्हणते. एकोणऐंशी साली मनोरा उभा राहिला तेव्हा तांब्याचा पत्रा आणून दोन महिने मागच्या पडवीत ठोकत बसले. मले जवळ येऊ देत नव्हते. "झाल्यावर पाहा." तुरा, शेपटी, नखं — अस्सल गावठी कोंबडा. दुसऱ्या चर्चवरचे कोंबडे वाऱ्यानं फिरतात म्हणे. जुन्या पाळकांनी म्हटलंही, "मिस्त्री, छर्रे घाला, फिरू द्या त्याले." मिस्त्री म्हणाले, "माझा कोंबडा फिरणार नाही." चार रिवेट ठोकल्या. एक बाजू रस्त्याकडे, एक बाजू मागच्या छपराच्या कवेलूंकडे. कायमची.

मी सगळ्यायले सांगत आले — वाऱ्यासंगे फिरणारा माणूस नव्हता माझा!


१९ फेब्रुवारी

पायलनं कालचं वाचून दाखवलं. 'मला' वाचते! मी म्हटलं, मी काय पुण्याची आहे काय? मले म्हणते तर मलेच लिही. आता लिहिते. अक्षर येत नाही म्हणून काय झालं, कान तर आहेत.

मग विचारते, "आजी, क्रूस ठीक आहे. पण चर्चवर कोंबडा काहून? माझ्या मैत्रिणी म्हणतात, चिकन सेंटरचा बोर्ड वाटते."

घ्या! चार बुकं शिकली अन् हे नाही माहीत. मग सांगितलं तिले.

माझं सारं शास्त्र मी जनावरांपासून शिकले. वेदीच्या कापडावर झेंडा धरलेलं कोकरू — तो प्रभू. बाप्तिस्म्याच्या कुंडावर कबुतर — पवित्र आत्मा. खिडकीच्या काचेत मासा — पहिल्या ख्रिस्ती लोकायची लपून ओळख पटवायची खूण. लाकडी दारावर मोर. मोराचं मांस कुजत नाही अशी जुन्या लोकायची समजूत होती, म्हणून मोर म्हणजे न मरणारं जीवन. ज्यायले वाचता येत नाही त्यांच्यासाठीच हे सारं चितारून ठेवलं, असं जुने पाळक सांगत. म्हणजे माझ्यासाठीच की! बाकी लोकायले पुस्तक, मले अख्खं चर्च.

अन् सगळ्यात वर कोंबडा. प्रभूले धरून नेलं त्या रात्रीचा. पेत्र अंगणात शेकोटीपाशी बसला होता. एक दासी म्हणते, तू पण त्याच्यासंगे होता ना? पेत्र म्हणतो, मी नाही त्याले ओळखत. पुन्हा विचारलं — मी नाही ओळखत. पुन्हा विचारलं — नाही, नाही, नाही! अन् कोंबडा आरवला. प्रभूनं वळून नुसतं पाहिलं त्याच्याकडे. शिवी नाही, शाप नाही. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला.

"म्हणून कोंबडा," मी म्हटलं. "कोणी आपल्या माणसाले नाकारलं की त्याले ते माहीत असते. अन् तो चूप राहत नाही."

पन्नास वर्षं रविवारच्या शाळेत पोरायले हीच गोष्ट सांगत आले मी. पायलच्या बापालेही सांगितली.


२२ फेब्रुवारी, रविवार

मनोरा बोडका दिसतो. नवीन न्हाव्यानं केस कापल्यासारखा.

अमोल जेवताना बोलत नाही. पोळी तोडतो अन् पाहत राहतो. विचारलं, कोंबडा कुठं? "कारखान्यात घासायले दिला." एवढंच. त्यानं कोंबडा हातात घेतला त्या दिवसापासून हे असं आहे. ऊन लागलं असेल.


२६ फेब्रुवारी

आज अंगठा दिला.

आमच्या चर्चचा नियम आहे, अर्पण केलेली वस्तू हलवायची तर देणाऱ्याच्या घरची सही लागते. बरा नियम आहे. नाहीतर लोक आपल्या बापाची खुर्ची काढून सासऱ्याची ठेवतील. अमोलनं कागद आणला. समोर बसून वाचला —

"मी, रुखमाबाई शमुवेल, माझ्या पतीने अर्पण केलेला कोंबडा दुरुस्त करून पूर्ववत बसवावा अशी विनंती करते."

'पूर्ववत' मले आवडलं. म्हटलं, पुन्हा वाच. पुन्हा वाचला. पोराचा आवाज बसलेला होता. आल्याचा चहा घे म्हटलं.

राशनच्या दुकानात मशीनवर माझा अंगठा उमटत नाही. "आजी, रेषाच राहिल्या नाहीत तुमच्या." भांडी घासून घासून गेल्या रेषा. पण या कागदावर असा उमटला — पायल म्हणते, फोटोसारखा!

पायल, तू चहा घेऊन आली, बापाच्या मागं उभी राहिली, कागदाकडे पाहिलं, अन् कप आदळून गेली. चहा सांडला माझ्या पायावर. काय झालं? परीक्षा आहे काय?

मान हलवते. बरं. लिही, परीक्षा आहे.


५ मार्च

पायलनं आज भलतंच विचारलं. "आजी, तू काहून नाही शिकली गं वाचायले?"

कुही तालुक्यातलं आमचं गाव. माझे बाबा मिशनच्या दवाखान्यात माळी. आम्ही सहा भावंडं, मी थोरली. धानाची रोवणी आली की थोरलीनं धाकट्यायले सांभाळायचं, रोवणी गेली की कापणी आली. शाळेचा रस्ता आमच्या बांधावरून जायचा, पण मी बांधाच्या अलीकडे.

नोव्हेंबरात लग्न झालं, नागपूरले आले. मिस्त्री मिशनच्या शाळेत शिकलेले, इंग्रजी पाट्या फडाफड वाचत. मी कपाळावर गोंदण, पायात काही नाही, नऊवारी गुडघ्यापर्यंत. लग्नाले महिनाही झाला नसेल, मी डबा घेऊन कारखान्याच्या फाटकावर जायले लागले. तीन दिवस गेले. फाटकाशी त्यांचे सोबती असत, शर्ट-पँटवाले, मी डबा देऊन हसायची अन् परत यायची. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मिस्त्री म्हणाले, "उद्यापासून येऊ नको. ऊन लागते तुले. मी सकाळीच डबा घेऊन जाईन."

कोणाच्या नवऱ्याले बायकोच्या उन्हाची एवढी काळजी होती? शेजारच्या बायका जळायच्या. मी साठ वर्षं ही गोष्ट मिरवली आहे.

अक्षरं शिकवा म्हणून मागं लागले होते मी. सदर बाजारातून पाटी आणली होती. "तुले काय गरज? मी आहे ना वाचून दाखवायले." पुढं चर्चमध्ये बायकायचा साक्षरतेचा वर्ग निघाला. सगळ्या गेल्या. मिस्त्री तेव्हाही तेच म्हणाले — "मी आहे ना." अन् खरंच, मरेपर्यंत रोज जेवणानंतर एक अध्याय वाचला माझ्यासाठी. पाटी मी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरली.

पायल ऐकत होती. लिहिता लिहिता थांबली. "आजोबांनी कधीच नाही शिकवलं?"

"नाही वं. लाड होते माझे."


१५ मार्च, रविवार

भरभर बोलावंसं वाटते, तरी हळू बोलते.

उपासना झाली. सूचना सुरू झाल्या. पाळकसाहेब पुलपिटवरून म्हणाले, "आपल्या मंडळीच्या ज्येष्ठ भगिनी रुखमाबाई यांनी फार मोठं मन दाखवलं आहे. पतीच्या अर्पणाचा आग्रह सोडून, कोंबडा कायमचा काढून त्या जागी विजेचा क्रूस बसवायला त्यांनी लेखी संमती दिली. आपण त्यांचं अभिनंदन करू या."

टाळ्या!

मीही वाजवल्या. सवय! टाळ्या सुरू झाल्या की हात आपोआप उठतात. दोन-तीन वाजवल्यावर पाहिलं, सगळे वळून माझ्याकडे पाहून राहिले. तेव्हा कळलं, या माझ्यासाठी आहेत.

अमोल समोरच्या बाकावर. टाळ्या वाजवत नव्हता. मान खाली.

घरी आल्यावर विचारलं.

"आई, मनोऱ्याले वजन झेपत नाही."

"दोन किलोचा कोंबडा झेपत नाही, अन् म्हशीएवढा क्रूस झेपते?"

"कमिटीचा निर्णय आहे."

"कागद कमिटीनं नाही वाचला. तू वाचला. 'पूर्ववत' म्हणाला तू. दोनदा म्हणाला."

शर्टाच्या बाह्या दुमडायले लागला.

"माझा कोंबडा कुठं आहे?"

"चर्चच्या स्टोअरमध्ये."

"परवापर्यंत तर कारखान्यात होता!"

उठून आंघोळीले गेला. दुपारी दोन वाजता!

माझ्याच अंगठ्यानं माझ्याच मिस्त्रींचा कोंबडा उतरवला. आंधळ्याले रस्ता ओलांडून देतो म्हणावं अन् मधेच सोडून द्यावं, तसं केलं माझ्या पोटच्या पोरानं. भांडला असता तर चाललं असतं. आई, मले तुझा कोंबडा नको, म्हणाला असता — मी चार शिव्या दिल्या असत्या, चार दिवस बोलले नसते, झालं. पण जे मले येत नाही त्याच जागी हात घातला यानं.

अन् पायल. तू त्या दिवशी मागं उभी होती. तुले वाचता येते. माझ्याकडे पाहू नको, वहीकडे पाहा. तुले माहीत होतं काय? रडून कागद ओला करू नको. तोंडानं होत नसेल तर लिहून दे.

हो आजी.


१८ मार्च

अक्षर बदललं, वही. बदलणारच.

हे धम्मानंदचं अक्षर. चौकातल्या मेडिकल दुकानाचा धम्मानंद. दुपारी गिऱ्हाईक नसते, मी स्टुलावर बसते, तो लिहितो. तीस वर्षं डॉक्टरायचं अक्षर वाचून राहिला, त्याच्यासारखा वाचणारा अख्ख्या नागपुरात नाही.

तो म्हणाला, "मावशी, मी विहारात जाणारा माणूस. माझ्याकडून चर्चचं लिहून घेता?"

"तुमच्या पंचशीलात खोटं बोलू नये असं आहे ना?"

"चौथं शील आहे, मावशी."

"मग बस. मले तेवढंच पाहिजे."

आधी त्यानं रविवारचं शेवटचं पान वाचून दाखवलं. 'हो आजी.' तीन दिवस उशाखाली होतं ते, अन् मले माहीत नव्हतं.

मग पाळकसाहेबांकडून आणलेली कागदाची झेरॉक्स दिली. त्यानं चष्मा पुसून वाचली. "...कोंबडा कायमस्वरूपी काढून टाकण्यास माझी कोणतीही हरकत नाही. सदर वस्तूचा ताबा माझा मुलगा अमोल याच्याकडे द्यावा." खाली माझा अंगठा.

"विनंती? पूर्ववत? कुठंच नाही?"

"नाही मावशी."

बघा. एक शब्द सुद्धा खरा नाही. एवढं सारं त्यानं तोंडानं रचलं, माझ्यासमोर बसून. लहानपणी पाठांतरात नापास व्हायचा!


१९ मार्च

घरात कोणाशी बोलत नाही. कामिनीनं वरण वाढलं, मी ताटाशी बोलले.


२४ मार्च

पाळकसाहेब स्वतः घरी आले. तरुण आहेत, भले आहेत, खुर्चीच्या टोकावर बसतात. मी सगळं सांगितलं नाही. पोराची अब्रू गेली तर माझीच जाते. एवढंच म्हटलं, "कोंबडा मोडीत घालायचा होता काय तुम्हाले?"

ते दचकले. "छे छे, रुखमाबाई! आम्ही तर म्हटलं होतं, दारापाशी मोराच्या शेजारी भिंतीवर लावू. डोळ्यासमोर राहील, पोरं हात लावून पाहतील. अमोलच नको म्हणाला. विजेच्या क्रूसाची कल्पनाही त्याचीच. कोंबडा घरी पाहिजे म्हणाला, आईची इच्छा आहे."

माझी इच्छा! घरी!

संध्याकाळी अमोल आला. मी विचारलं, "कोंबडा कुठं आहे गा?"

"कबाडात गेला, आई. आता सोड ना तो विषय."

कारखाना. स्टोअर. कबाड. मी बोटं मोजली त्याच्यासमोर. तीन. त्याले गोष्ट माहीत आहे, मीच सांगितली होती मांडीवर बसवून. चेहरा पांढरा पडला त्याचा. वाटलं आता बोलेल. ओठ हलले. मग पाणी प्यायला अन् आत गेला.

काय बिघडवलं होतं त्या कोंबड्यानं तुझं? बाप होता ना तुझा तो घडवणारा?

धम्मानंद म्हणतो, "मावशी, काही कारण असन." कारण असतेच गा. पेत्राकडेही होतं — थंडी होती, शिपाई होते, भीती होती. तरी कोंबडा आरवलाच.


२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

विजेचा क्रूस लावून पाहिला. निळा, मग लाल, मग निळा. मिठाईचं दुकान उघडल्यासारखं वाटते. लोक म्हणतात, रुखमाबाई, तुमच्यामुळं झालं!


३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

सापडला.

दुपारी तीन तासांची उपासना असते. त्यासाठी पांढरी साडी लागते, अन् ती माझ्या दिवाणाच्या पोटात, गोधड्यांच्या खाली. एरवी झाकण पायल उचलते. तिच्याशी बोलत नाही, म्हणून एकटीनं उचललं. डोक्यानं टेकू दिला. एक गोधडी काढली, दुसरी काढली, हाताले गार लागलं. अमोलची जुनी चादर, सुतळीनं बांधलेली. सुतळी दातानं सोडली — जे दोन दात आहेत त्यांनी.

तुरा दिसला.

सहा आठवडे मी त्याच्यावर झोपत होते! कूस बदलायची तर तोही खाली असायचा. अन् मी विचारत फिरून राहिले, कुठं आहे, कुठं आहे.

मांडीवर घेतला. हिरवा पडला आहे, घासलेला वगैरे काही नाही. रस्त्याकडची बाजू गुळगुळीत. मग उलटा केला, कवेलूंकडची बाजू. ती मी कधीच पाहिली नव्हती. कोणीच पाहिली नव्हती. पोटावर हात फिरवला तर रव्यासारखं लागलं. ठिपके. खिळ्यानं ठोकलेले, ओळीनं. वर सरळ रेघ, खाली ठिपके लोंबतात. अक्षरं!

मिस्त्रींनी काहीतरी लिहिलं आहे. वचन असेल शास्त्रातलं. की माझं नाव? दोन महिने पडवीत मले येऊ देत नव्हते!

मी उपासनेले गेले नाही. जन्मात पहिल्यांदा. त्याले मांडीवर घेऊन बसले, बोट फिरवत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, अन् नव्या नवरीसारखी उद्याची वाट पाहून राहिली. धम्मानंद, उद्या त्याले इथंच तुझ्याकडे आणते.


४ एप्रिल, शनिवार

साडीत गुंडाळून दुकानात नेला. वाटेत दोघांनी विचारलं, आजी, बाळ कोणाचं? मी म्हटलं, माझंच.

धम्मानंदनं काउंटरवर ठेवला. चष्मा लावला. ओठ हलले — मी पाहिलं, वाचत होता. एक ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीवर ओठ थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

"मावशी, गंजलं आहे."

"तांबं गंजत नाही गा. हिरवं पडते."

"अक्षर लागत नाही."

"डॉक्टरायचं लागते तुले. सरळ ठोकलेलं लागत नाही?"

"जाऊ द्या ना मावशी. चहा घेता?"

"चौथं शील कुठं गेलं?"

त्याचे डोळे भरले होते. मोठा माणूस, पन्नाशीचा, खोकल्याच्या बाटल्या सरळ करत बसला. सरळच होत्या.

लिही, धम्मानंद. तूच लिही. 'आज धम्मानंद माझ्याशी खोटं बोलला.'

लिहिलं म्हणतो.

तीन झाले. पोरगा, नात, अन् हा. पोरानं फसवलं तेव्हा वाटलं, त्याचं मन फिरलं. नात चूप राहिली तेव्हा वाटलं, बापाले भ्याली. पण धम्मानंदले काय पडलं आहे? त्याचा ना चर्चशी संबंध ना कोंबड्याशी. तिघंही वाईट नाहीत. तिघायलेही वाचता येते. पोरानं हा पत्रा वाचला अन् माझ्याशी खोटं बोलला; धम्मानंदनं वाचला अन् तोही.

असं काय लिहून ठेवलं आहे, मिस्त्री?


५ एप्रिल, ईस्टर

अक्षर पायलचं. मीच तिले हाक मारली.

सूर्योदयाच्या उपासनेहून आलो. तिनं कोंबडा स्वतःच्या मांडीवर घेतला. "आजी, मी वाचते. सगळं वाचते. मधात थांबवू नको." वाचलं. मग म्हटलं, जसं आहे तसं वहीत उतरव.

"रुखमा, तू तीन दिवस फाटकावर डबा घेऊन आली. तिन्ही दिवस लोकायनं विचारलं, ही कोण. तिन्ही दिवस मी म्हणालो, कामवाली आहे. तुले वाचता येत नाही, म्हणून इथं लिहितो. माफ कर. शमुवेल."

लग्न नोव्हेंबरातलं. फाटकावर ऊन कुठं होतं!

अमोल दारात उभा होता. "आई, घासायले दिला असता, दारापाशी लावला असता, तर सगळ्यायनं वाचलं असतं." रडून राहिला. राहू दे.

पायल, नवीन पान घे. पाळकसाहेबांले चिठ्ठी. कोंबडा दारापाशी लावा, मोराच्या शेजारी, माणसाच्या डोळ्यायच्या उंचीवर. लिहिलेली बाजू बाहेर.

आता ती चिठ्ठी मले दोनदा वाचून दाखव. मग अंगठा.